परिचर्येच्या शिक्षणातील ‘पाहणे’ : अजिंठ्याचे एक चित्र व निलंग्याचे देवालय

रोग्याच्या सेवेला मराठीत ‘शुश्रूषा’ हा शब्द रूढ आहे. संस्कृतातील ‘श्रु’ ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ एवढाच होय. गुरूचे वचन ऐकण्यास जो उत्सुक, तो आज्ञाधारक. जो आज्ञाधारक, तो सेवक. आणि सेवकाचे जे काम, ती शुश्रूषा, अशा पायऱ्यांनी हा शब्द कानापासून निघून रुग्णशय्येपर्यंत आला. त्याचा जोडीदार ‘परिचर्या’ हा शब्द ‘भोवती वावरणे’ ह्या अर्थाचा. एका शब्दात कान आहे, दुसऱ्यात पाय आहेत. डोळा मात्र दोहोंपैकी एकातही नाही. वस्तुतः परिचारिकेचे बरेचसे काम डोळ्यांनी चालते. वैद्य येतो आणि जातो. रात्रभर रोग्याच्या चेहऱ्यावरील पालट ज्या दोन डोळ्यांसमोर घडत असतो, ते डोळे तिचे असतात. त्या डोळ्यांना शिक्षण द्यावयाचे ते कसे, हा प्रश्न शब्दार्थाच्या इतिहासाने झाकला गेला असला तरी व्यवहारात तो कधीच झाकलेला नव्हता.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील काही विद्यालयांनी ह्या प्रश्नाला एक उत्तर शोधले आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनींना चित्रसंग्रहालयात न्यावयाचे, एका चित्रासमोर बराच वेळ उभे करावयाचे, आणि जे दिसते ते बोलावयास लावावयाचे. ह्या उपक्रमाचे वर्णन बहुधा ‘नवी पद्धती’ असे केले जाते. पद्धती नवी असेल. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार नवा नाही, आणि त्याची काही ठळक उदाहरणे महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यात, सापडतात, एवढे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आयुर्वेदाच्या संहितांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकसंहिता वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी अशी गणना करते व प्रत्येकाचे चार चार गुण देते. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत असे चरकाचे म्हणणे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हीच यादी थोड्या पालटाने येते. अनुराग, शुचिता व दक्षता तशीच राहते. मात्र ‘उपचारांचे ज्ञान’ ह्याच्या जागी ‘बुद्धिमान’ हे विशेषण येते. हा पालट लहान दिसतो, तथापि तो लक्षणीय आहे. उपचार माहीत असणे ही शिकविलेली गोष्ट झाली. बुद्धिमान असणे म्हणजे न शिकविलेल्या प्रसंगी स्वतः विचार करता येणे. छंदाच्या सोयीसाठी वाग्भटाने शब्द बदलला असेल असे कोणी म्हणू शकेल; परंतु त्याच्या हाताशी इतर शब्द नव्हते असे नाही.

येथे एक योग नमूद करण्याजोगा आहे. ह्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिणारा हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता. मराठी जनमानसात मात्र तो टीकाकार म्हणून उरला नाही. तो उरला देवळांच्या नावात. लातूर जिल्ह्यातील निलंगा येथील नीळकंठेश्वराचे देवालय गावात विचारले असता ‘हेमाडपंती’ म्हणूनच सांगितले जाते. दगडाची घडीव रचना दिसली की ती हेमाडपंताची, असा हा लोकसंकेत आहे. उत्तर चालुक्य काळातील, म्हणजे हेमाद्रीच्या जन्मापूर्वीच्या कित्येक मंदिरांनाही हे नाव चिकटलेले आहे. इतके की शास्त्रीय लेखनातही ते शैलीवाचक म्हणून स्वीकारावे लागले. परिचारकाची बुद्धी ज्या ग्रंथात सांगितली, त्या ग्रंथाचा टीकाकार आणि ज्या शिल्पांवरून आज ती बुद्धी घडविता येईल, त्या शिल्पांना लाभलेले नाव, ही दोन्ही एकाच पुरुषाची असावीत हा केवळ योगायोग. त्यातून कार्यकारणभाव काढू नये. पण एक गोष्ट काढता येते : नाव आधी सुचते आणि मग वस्तू त्या नावाच्या आतच दिसू लागते. हीच अडचण पुढे अजिंठ्याच्या संदर्भात अधिक स्पष्टपणे भेटणार आहे.

रोगपरीक्षेची तीन साधने आयुर्वेदाने सांगितली : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. ह्यांत दर्शन पहिले आहे. परंतु दर्शनाचा अभ्यास कसा करावा हे वैद्यकग्रंथ फारसे विस्ताराने सांगत नाहीत; ते गृहीत धरतात. तो विस्तार सापडतो दुसऱ्याच शास्त्रांत. भरताच्या नाट्यशास्त्रात दृष्टीचे छत्तीस प्रकार वर्णिले आहेत : आठ रसांच्या दृष्टी, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. ह्या शेवटच्या वीसांत शून्या, मलिना, श्रान्ता, ग्लाना, विषण्णा, अभितप्ता, विभ्रान्ता अशी नावे येतात. पापणी किती मिटली, बुबुळ कोठे वळले, भुवई ढळली की ताठ आहे, ह्यांवरून नटाने ह्या दृष्टी वेगळ्या करून दाखवावयाच्या असतात. तेहतीस संचारी भावांत तर ग्लानी, श्रम, मोह, अपस्मार, उन्माद, व्याधी व मरण ह्यांचा प्रत्यक्ष समावेश आहे. नटासाठी लिहिलेला हा भाग रुग्णालयातील निरीक्षणाच्या वहीत उतरविला तर फारसा परका वाटणार नाही. थकलेला डोळा आणि खचलेला डोळा ह्यांत भेद आहे, हे भरताला सांगावेसे वाटले. आजच्या पाठ्यपुस्तकांत तो भेद ‘रुग्ण निस्तेज’ एवढ्या दोन शब्दांत बुडून जातो.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्र ह्याहून एक पाऊल पुढे जाते. खरा चित्रज्ञ कोण, हे सांगताना त्याने जी कसोटी लावली आहे ती कोणत्याही परिचारिकेस आपली वाटावी अशी आहे : झोपलेला मनुष्य चेतनायुक्त आणि मेलेला मनुष्य चेतनाहीन असा वेगवेगळा ज्याला रंगविता येतो, तो चित्र जाणणारा. दोन्ही देह आडवे, दोन्हींचे डोळे मिटलेले, दोन्ही स्तब्ध. भेद कोठे आहे? मानेच्या कलात, ओठांच्या बंदात, बोटांच्या वळणात. चित्रकाराने तो आधी पाहिलेला असला पाहिजे, तरच तो रेषेत उतरेल. रात्रपाळीच्या परिचारिकेला रेषा काढावयाची नसते. पण हाच भेद, आणि तोही अंधूक दिव्यात, तिला पाहावयाचा असतो.

आता अजिंठा. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक नृपती हरिषेण ह्याचा मंत्री वराहदेव ह्याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरविले, हे तेथील शिलालेखावरून ज्ञात आहे. ह्या लेण्यातील एक चित्र शंभराहून अधिक वर्षे ‘मरणोन्मुख राजकन्या’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. आसनावर टेकलेली एक स्त्री. मान ढळलेली, पापण्या उतरलेल्या, हातांच्या बोटांतून बळ गेलेले. एक सेविका तिला मागून आधार देते. दुसरी वारा घालते. भोवतालच्या मुद्रांवर काळजी आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर रुग्णपरिचर्येचे ह्याहून जुने आणि ह्याहून करुण चित्र दाखविणे कठीण. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ ते १८८५ ह्या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. ह्या चित्रातील करुण भाव आणि कथा सांगण्याचे सामर्थ्य ह्यांत ते कलेच्या साऱ्या इतिहासात अजिंक्य आहे, अशा आशयाचा त्यांचा अभिप्राय पुढे वारंवार उद्धृत झाला. १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी पुष्कळ प्रतिकृती नष्ट झाल्या, आणि उरलेल्या सामग्रीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. ऋतूमागून ऋतू एकेक भिंत न्याहाळीत बसणाऱ्या ह्या तरुणांना, त्यांच्या नकळत, निरीक्षणाचे जे शिक्षण मिळाले असेल ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

परंतु ती राजकन्या मरणोन्मुख आहे काय? पुढील संशोधनाने हे दृश्य नंदाच्या प्रव्रज्येच्या कथेतील असल्याचे ठरविले. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याचा नायक. बुद्धाने त्याला संघात घेतले आणि त्याची पत्नी सुंदरी महालात वाट पाहत राहिली. नंदाने टाकलेला मुकुट घेऊन सेवक येतो, आणि काय झाले ते एका शब्दाविना तिला कळते. चित्रातील स्त्री ही सुंदरी. ती मरत नाही, तिचे भान हरपले आहे. रोग नाही, वियोगाचा आघात आहे. मुकुट चित्रात पूर्वीही होता. तो पाहिला गेला नव्हता असे नाही. तो कथेत बसविला गेला नव्हता. ढळलेली मान, मिटणारे डोळे व घाबरलेल्या सेविका एवढे दिसताच मनाने ‘मृत्यू’ हे नाव देऊन टाकले, आणि नाव मिळाल्यावर उरलेले शोधण्याची गरज भासली नाही.

ह्यात ग्रिफिथ्स ह्यांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले ते अचूक होते; त्यांच्या प्रतीतील रेषा आजही विश्वसनीय आहेत. निरीक्षण बरोबर आणि अनुमान पुढे धावलेले, अशी ही स्थिती आहे, आणि तीच रुग्णालयात पदोपदी उद्भवते. घामाघूम झालेला, हात थरथरणारा, असंबद्ध बोलणारा मनुष्य रात्री आणला जातो. ‘प्यालेला आहे’ हे नाव आधी पडते, आणि रक्तातील साखर उतरली असल्याचे मागाहून कळते. उशाशी असलेली मधुमेहाच्या गोळ्यांची पुडी म्हणजे त्या चित्रातील मुकुटच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सुंदरीची ओळख पटल्यावर चित्राची करुणता कमी झाली नाही, उलट वाढली. चुकीचे नाव काढून टाकल्याने सहानुभूती आटते अशी जी एक भीती परिचर्येच्या शिक्षणात नेहमी बोलून दाखविली जाते, तिला हे उत्तर पुरेसे आहे.

युरोपात ह्या विषयाची पहिली सुसंगत मांडणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांची. १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परिचर्येवरील छोट्या ग्रंथात रोग्याच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात त्यांनी एका जादूगाराची हकीकत दिली आहे. हा जादूगार आपल्या मुलाला खेळण्यांच्या दुकानावरून झपाट्याने नेई. मग दोघेही दिसलेल्या वस्तू कागदावर लिहून काढीत व परत जाऊन पडताळा घेत. बापाला तीस वस्तू आठवल्या तर मुलाला चाळीस आठवत, आणि मुलाची चूक क्वचितच होई. ज्या मनुष्याची कीर्ती पोरकट गोष्टींसाठी, त्याची ही शिक्षणपद्धती मात्र फार शहाणपणाची, आणि परिचारिकेच्या कामी तर ती अवश्यच, असा निष्कर्ष नाइटिंगेल काढतात. पाहा, लिहा, परत जाऊन ताडून पाहा : आजच्या संग्रहालयातील वर्गाचे तीनही टप्पे ह्यात आहेत. दुकानाच्या जागी चित्र आले इतकेच.

रोग्याला काल कसे वाटत होते असे विचारता ‘बरे’ किंवा ‘बरे नाही’ असे उत्तर देणारी परिचारिका त्यांना मुळीच मान्य नव्हती. झोप किती तास, खाल्ले किती, कोणत्या वेळी, असे तुकडे त्या मागत. त्यांच्या दृष्टीचा दुसरा पुरावा म्हणजे १८५८ सालची वर्तुळाकार आकृती. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले, हे कोष्टकात दडलेले सत्य त्यांनी रंगीत पाकळ्यांच्या रूपाने मंत्र्यांच्या डोळ्यांपुढे ठेवले. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासंबंधी नेमलेल्या आयोगासाठी १८६३ च्या सुमारास लिहिलेल्या निवेदनातही त्यांनी काष्ठठशांची चित्रे घातली; ती त्यांची आप्त हिलरी बोनहॅम कार्टर हिने काढली होती. शासकीय कागदात चित्रे घालणे हे त्या काळी धाडसाचेच म्हटले पाहिजे.

आयुष्याच्या उत्तरकाळात नाइटिंगेल ह्यांचे लक्ष हिंदुस्थानातील खेड्यांकडे वळले. १८९० नंतरच्या दशकात ग्रामीण आरोग्यावर लिहिताना त्यांनी अशी सूचना केली की, गावोगाव व्याख्याते पाठवावेत आणि घाण पाणी व दूषित हवा ह्यांतील सूक्ष्म जीव जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने लोकांना प्रत्यक्ष दाखवावेत. ह्याच दशकात, १८९२ पासून, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन जादूच्या कंदिलाचे खेळ महाराष्ट्रात करीत होते, आणि त्यांनी त्यास ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. शंबर हा मायावी असुर. त्याची विद्या ती शांबरी. हा शब्द मराठीत टिकला नाही ह्याची खंत शब्दाच्या अभ्यासकास वाटणे साहजिक आहे, पण उच्चारास तो जड होता हेही खरे. पटवर्धनांच्या पट्टिकांवर देवादिकांच्या कथा होत्या. पाण्यातले जंतू नव्हते. साधन तेच आणि काळही तोच, परंतु आरोग्याचा प्रचारक आणि चित्रांचा खेळिया हे एका तंबूत आले नाहीत.

महाराष्ट्रातील परिचारिकांच्या शिक्षणाचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. मुंबईत १८८६ साली रीतसर विद्यालय सुरू झाले. १८९१ मध्ये काशीबाई गणपत ह्या शिक्षणासाठी दाखल झालेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंदल्या गेल्या. १९०९ साली पुण्यास रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले आणि त्याच्या द्वारे मराठी कुटुंबांतील स्त्रिया, विशेषतः विधवा, ह्या व्यवसायाकडे वळल्या. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. ह्या सर्व काळात परिचारिकेकडून प्रथम आज्ञापालन अपेक्षिले गेले. ‘शुश्रूषा’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ जणू अभ्यासक्रमातही पाळला जात होता. परिषदेने २०२१ साली पदवी अभ्यासक्रमाची जी नवी रचना जारी केली, तिच्यात चिकित्सक विचार हे शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून स्पष्टपणे आले. उद्दिष्ट लिहिणे सोपे. ते साधावे कोणत्या तासाला, हा प्रश्न मात्र शिक्षकासमोर उरतो.

अमेरिकेतील प्रयोग ह्या ठिकाणी उपयोगी पडतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फिलिप येनावाइन व मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन ह्यांनी एक पद्धती सिद्ध केली. शिक्षकाने चित्राविषयी काहीही सांगावयाचे नाही. फक्त तीन प्रश्न विचारावयाचे. येथे काय चालले आहे? ते कशावरून म्हणता? आणखी काय दिसते? येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन व संग्रहालयातील लिंडा फ्रीडलेंडर ह्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जुन्या व्यक्तिचित्रांसमोर बसविले आणि त्याचे फलित २००१ साली प्रसिद्ध केले. २००९ साली तेथेच परिचर्येच्या विद्यार्थ्यांवर तसाच प्रयोग झाला : संग्रहालयात जाऊन आलेल्यांनी रुग्णांची छायाचित्रे पाहताना अधिक गोष्टी टिपल्या, आणि विशेष म्हणजे एकाच निदानावर न थांबता अधिक पर्याय मांडले. टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे वैद्यक व परिचर्या ह्या दोन्ही शाखांचे विद्यार्थी एकत्र बसविण्यात आले. त्याचा वृत्तान्त २०११ चा आहे. दोन्ही शाखा एका चित्रासमोर आल्या की चित्राच्या बाबतीत दोघेही सारखेच अनभिज्ञ असतात, आणि परिचारिका डॉक्टरापुढे बोलू लागते, हा लाभ कदाचित निरीक्षणाहूनही मोठा असावा.

ह्या प्रयोगांचे मोल वाढवून सांगू नये. विद्यार्थ्यांची संख्या लहान, काळ थोडा, आणि परीक्षा बहुधा प्रयोगानंतर लगेचच घेतलेली. वर्षभराने, खाटांची गर्दी असलेल्या कक्षात, ती नजर किती उरते हे अशा कसोटीतून कळत नाही. चित्र स्थिर असते आणि रोगी स्थिर नसतो, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि, उपयोगाविषयी साशंक असणाऱ्यासही तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे महत्त्व नाकारता येणार नाही. आणि तो प्रश्न मराठीत इंग्रजीहून अधिक नेटका विचारता येतो.

‘कशावरून’ हा तो शब्द. इंग्रजीत जे विचारण्यास एक लांबलचक वाक्य लागते, ते मराठीत लहान मूलही एका शब्दात विचारते. मराठीच्या क्रियापदांतही ही सोय मुरलेली आहे. ‘मी चित्र पाहतो’ ह्यात पाहणारा कर्ता असतो. ‘मला चित्र दिसते’ ह्यात कर्तेपण वस्तूकडे जाते. २००९ च्या त्या येल-प्रयोगाच्या वृत्तान्ताचे शीर्षकच मुळी ‘पाहणे म्हणजे दिसणे नव्हे’ अशा अर्थाचे होते; मराठी भाषकास ते सांगावे लागू नये. पुढे, रुग्णाची अवस्था सांगताना मराठी तीन पायऱ्या ठेवते. ‘ओठ पांढरे दिसतात’ हे निरीक्षण. ‘अशक्तपणा वाटतो’ हे अनुमान. ‘पंडुरोग आहे’ हे विधान. दिसणे, वाटणे आणि असणे ह्या तीन क्रियापदांचा भेद काटेकोरपणे पाळला तर नोंदवहीच स्वतः विचार शिकवू लागेल. व्यवहारात तो पाळला जात नाही. शिक्षण इंग्रजीत, रोगी मराठीत बोलणारा, नोंद पुन्हा इंग्रजीच्या ठरीव सांक्षेपिक शब्दांत, अशा दुहेरी भाषांतरात ‘दिसते’ आणि ‘आहे’ ह्यांमधील अंतर पुसले जाते. विद्यार्थिनीने पहिली नोंद मराठीत, आपल्या क्रियापदांनी लिहावी व मग इंग्रजीत न्यावी, असे सुचविले तर ते केवळ भाषाभिमानाने नव्हे.

हा सारा विचार निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी अधिक निकडीचा ठरतो. १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात असलेला आणि त्या वर्षी नव्या लातूर जिल्ह्यात आलेला हा तालुका. मोठ्या शहरातील परिचारिकेच्या पाठीशी यंत्रे आणि वरिष्ठ असतात. खेड्यातील उपकेंद्रात बाळंतिणीच्या पापणीचा आतला भाग खाली ओढून पाहणारी परिचारिका बहुधा एकटी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक प्रौढ स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. सावळ्या त्वचेवर हा फिकटपणा गालावर उमटत नाही. तो पापणीत, जिभेवर, तळहाताच्या रेषांत शोधावा लागतो. काविळीचे, ओठ निळे पडण्याचे आणि त्वचेवरील लाल पुरळाचेही तसेच. गोऱ्या त्वचेची रंगीत छायाचित्रे असलेली परदेशी पाठ्यपुस्तके येथे डोळ्याला चुकीचे वळण लावतात. यंत्रही निःपक्षपाती नसते : बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण काळ्या त्वचेच्या रुग्णांतील कमतरता गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा चुकवते, असे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. अशा वेळी शेवटचा आधार शिकलेल्या डोळ्याचाच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा, निलंगा व उमरगा ह्या तालुक्यांतील गावे जमीनदोस्त केली आणि हजारो माणसे गेली. अशा प्रसंगी प्रथम कोणाकडे धावावयाचे हे डोळ्यांनी आणि क्षणात ठरवावे लागते. मातीने सर्व चेहरे एकाच रंगाचे झालेले असतात. ओरडणारा वाचण्याची शक्यता असते. गप्प पडलेला झोपला आहे, शुद्ध हरपून पडला आहे की गेला आहे, हा चित्रसूत्राचा जुना प्रश्न तेथे सर्व अलंकार टाकून पुढे उभा राहतो.

संग्रहालय नसलेल्या गावात चित्रे कोठून आणावयाची, असे विचारले जाईल. निलंग्याच्या बाबतीत उत्तर गावातच आहे. नीळकंठेश्वराचे देवालय त्रिदल रचनेचे असून त्याच्या तीन गाभाऱ्यांत शिवलिंग, विष्णू आणि हरगौरी ह्यांची स्थापना आहे. त्याचा काळ सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकाचा मानला जातो. बाहेरील भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. मराठवाड्यातील मंदिरशिल्पांचा सविस्तर अभ्यास गो. बं. देगलूरकर ह्यांनी केला असून ह्या सुरसुंदरी केवळ शोभेच्या बाहुल्या नाहीत, त्यांच्या कृतींना अर्थ आहे, हे त्यांच्या लेखनाने मराठी वाचकास पटविले आहे. ह्या प्रदेशातील मंदिरांवर दर्पण पाहणारी, पत्र लिहिणारी, मूल कडेवर घेतलेली, पायातील काटा काढणारी अशा अनेक जणी भेटतात.

काटा काढणारीचेच उदाहरण घ्यावे. ‘ती काटा काढीत आहे’ हे वाक्य विद्यार्थिनी तत्काळ उच्चारील. कशावरून? एक पाय उचलून गुडघ्यावर आणलेला आहे. देहाचा सारा भार दुसऱ्या पायावर आहे. त्या बाजूचे नितंब बाहेर आले आहे आणि खांदा तोल साधण्यासाठी उलट झुकला आहे. दृष्टी तळव्याकडे आहे. कंबर, पाठ आणि मान ह्यांची ही वळणे शिल्पकाराने कल्पनेने केलेली नाहीत. दुखऱ्या पायावर भार न देणाऱ्या माणसाचे शरीर असेच वळते. सांधा धरलेली म्हातारी दवाखान्याच्या दारातून आत येताना जी चाल चालते, तिचे व्याकरण ह्याच दगडात आहे. मूल कडेवर घेतलेल्या स्त्रीच्या शिल्पातही तेच : मुलाची मान सावरलेली आहे की लटकलेली, त्याचा हात आईला धरतो की सैल आहे, हे प्रश्न विचारावयास मूर्तिशास्त्र येण्याची गरज नाही. किंबहुना ते न येणे हाच येथे लाभ. नाव माहीत नसल्यामुळे डोळा लवकर थांबत नाही.

एक व्यावहारिक सूचना अस्थानी होणार नाही. काळ्या पाषाणावरील शिल्प माथ्यावरच्या उन्हात सपाट दिसते. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडला म्हणजे तेच उठून येते. एकाच शिल्पासमोर दोन वेळा, दोन प्रकाशांत उभे करून दोन नोंदी लिहवाव्यात, आणि मग त्या ताडून पाहाव्यात. सकाळच्या नोंदीत जे ‘आहे’ म्हणून लिहिले, त्यातले काही सायंकाळी ‘दिसत नाही’ असे निघेल. शिवाय आठशे वर्षांच्या उन्हापावसात आणि माणसांच्या हातून अशा शिल्पांची पुष्कळ झीज व मोडतोड झालेली असते. कोठे मनगट गेलेले, कोठे चेहरा घासलेला. तेथे विद्यार्थिनीच्या वहीत ‘हातात आरसा आहे’ असे वाक्य आले तर शिक्षकाने एकच शब्द विचारावा, आणि तिने परत जाऊन, पायथ्याशी उभे राहून, पाहून यावे : कोपरापर्यंत हात आहे, वर उचललेला आहे, पुढचा भाग तुटलेला आहे, हातात काय होते ते दिसत नाही.